मावशीच्या छातीतलं पाणी

छातीच्या एक्सरेत पांढरा डाग दिसला की आमच्या सोलापुरात आधी टीबीचं नाव निघतं. निघणारच, टीबी आपल्याकडे घरोघरी पाहिलेला आजार आहे. माझा राग त्याच्या पुढच्या गोष्टीवर आहे. बेडक्यात जंतू सापडले नाहीत तरी एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करायची आणि ‘लागू पडेल, थांबा’ म्हणत महिने काढायचे, यावर. माझ्या मावशीचे असेच कितीतरी महिने गेले.

मावशीची हयात विडी वळण्यात गेली. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान पत्र्याच्या मापाने कापायचं, चिमूटभर जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा. स्वतः मात्र तिने एक झुरका कधी मारला नाही. त्यामुळे कॅन्सरचा विचार कुणाच्याच मनात आला नाही. ‘जिना चढायला दम लागूलालाय गं,’ एवढंच ती म्हणायची. वजन उतरत गेलं, गोळ्या चालूच राहिल्या.

शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी पाठीतून सुई घालून छातीतलं पाणी काढलं. कोकम सरबतासारखं लालसर होतं. त्यांनी ते नुसतं टीबीच्या तपासणीला न पाठवता पेशी बघायला पाठवलं, आणि उरलेल्याचा सेल ब्लॉक करायला सांगितला. म्हणजे पाण्यातल्या पेशी एकत्र करून मेणात बसवायच्या. नखाएवढा तो मेणाचा तुकडा, प्लास्टिकच्या चौकटीत, वर नंबर. पुढचं सगळं त्याच्यावर ठरलं.

रिपोर्ट आला: ॲडिनोकार्सिनोमा. आम्हाला वाटलं होतं, फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे एकच रोग. तसं नाही. शंभरातले साधारण ८५ ‘नॉन-स्मॉल सेल’ गटातले असतात. त्यात ॲडिनो बहुधा फुप्फुसाच्या कडेला होतो आणि न ओढणाऱ्यांनाही गाठतो. त्याच गटातला स्क्वॅमस बहुधा मधल्या मोठ्या श्वासनलिकांपाशी, आणि त्याचं विडी-सिगारेटशी नातं घट्ट. उरलेले १५ च्या आसपास स्मॉल सेल. आमच्या बोळातल्या काकांना तोच होता, जन्मभर विडी ओढलेली. पहिल्या केमोत गाठ भराभर विरघळली, घरात पेढे वाटले. नंतर ती मेंदूत उगवली. स्मॉल सेल असाच असतो, औषधाला पटकन दबतो आणि पटकन परततो. बहुतेकांचं निदान होतं तेव्हा तो छातीबाहेर पसरलेलाच असतो.

मावशीचीही चौथी स्टेज. गाठ लहान असली तरी फुप्फुसाभोवतीच्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या की चौथीच धरतात, हे मला तेव्हाच कळलं. ऑपरेशनचा प्रश्न मिटला. पण डॉक्टर म्हणाले, ‘मावशी, जीनची तपासणी येऊ दे, मग बोलू.’ त्याच ब्लॉकवर ईजीएफआर, एएलके वगैरे जीन बघितले. ईजीएफआरमध्ये बदल निघाला. म्हणून सलाइनची केमो नाही, त्या बदलावरच काम करणारी रोज एक गोळी, गेफिटिनिब. तोंडावर पुरळ आलं, पोट बिघडलं, पण पाणी परत भरलं नाही. आता ती जिना चढते आणि वर पोचून मलाच हाका मारते.

सांगायचंय ते एवढंच: टीबीची औषधं घेऊनही वजन उतरत असेल, बेडक्यात जंतू नसतील, थुंकीतून रक्त पडत असेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा, नाहीतर पाण्यातल्या पेशी मागा. रिपोर्टात ‘कॅन्सर’ एवढंच असेल तर प्रकार विचारा, जीनची तपासणी विचारा. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात जा किंवा सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईत टाटाला, फाइलसोबत स्लाइड आणि ब्लॉक न्याच. नुसत्या रिपोर्टच्या कागदावर नव्या तपासण्या करता येत नाहीत.

किती दिवस, हे मावशीने स्वतःच विचारलं. डॉक्टरांनी लपवलं नाही. हा आजार मुळासकट जाणार नाही. अशा गोळीचा जोर बहुतेकांत वर्षभराच्या आसपास ओसरतो. तेव्हा रक्तातून त्याच ईजीएफआर जीनमधला टी७९०एम हा नवा बदल तपासतात. साधारण निम्म्या रुग्णांत तो सापडतो, आणि सापडला तर ऑसिमर्टिनिब हे दुसरं औषध देता येतं. ते महाग आहे. पुढच्या स्कॅनच्या आधीच त्याची चौकशी करून ठेवायची, असं मी आणि मामेभावाने ठरवलंय. मावशी म्हणते, ‘आधी स्कॅन तर होऊ द्या की.’