धावपट्टी बघायला गेलो होतो

आज परवानगी काढून आमच्या एव्हिएशनच्या पोरांना सोनेगावला विमानतळावर नेलं. टर्मिनलमध्ये चेक-इन, सिक्युरिटी, बॅगांचा पट्टा, सेल्फी वगैरे झालं. मला दाखवायची होती धावपट्टी.

नागपूरची धावपट्टी 14/32, लांबी 3200 मीटर. आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य काढून: एकीकडून साधारण 140 अंश, दुसरीकडून 320. वारा समोरून घ्यायचा, त्यावर कुठल्या टोकाने उतरायचं ते ठरतं.

विमान टेकतं तिथला पट्टा काळाकुट्ट. टेकताक्षणी थांबलेलं चाक एकदम गरगरतं, रबर घासून तिथेच चिकटतं. कोरड्यात चालून जातं, पावसात मात्र ब्रेक धरत नाही. म्हणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो थर काढावा लागतो.

"सर, एवढी लांब कायले पाहिजे जी?" एकीने विचारलं. अगं, मे महिन्यात 45 अंशांत हवा विरळ होते. पंखांना उचल कमी, इंजिनाचा जोरही कमी, मग विमान जास्त धावतं. नाहीतर वजन उतरवा!

घरी हिशेब करायला दिलाय: तेच विमान, तेच वजन, एकदा 20 अंश, एकदा 45. सोमवारी बघू.