शनिवार बघून फिशिंग ट्रिप बुक करू नका

गेल्या डिसेंबरात मालवणला गळाने मासे पकडायची ट्रिप केली, म्हणजे केल्या दोन, त्यातली पहिली फुकट गेली. ऑनलाइन अॅडव्हान्स भरला, व्हॉट्सअॅपवर गोड बोलणारा एकजण होता, आणि प्रत्यक्षात निघालो साडेनऊला, ऊन डोक्यावर, सोबत डॉल्फिन बघायला आलेली दोन कुटुंबं! गळ म्हणजे एक गंजलेला रॉड, तो पण आळीपाळीने. मासा सोडा, आमिषसुद्धा कोणी खाल्लं नाही.

चूक माझीही होतीच. मी विचारलंच नव्हतं की बोट फक्त आपल्यासाठी आहे की शेअरिंग, रॉड किती, रील आणि दोर कुठला, आणि मुख्य म्हणजे बोट चालवणार कोण. आता मी पैसे भरायच्या आधी सरळ म्हणतो, तांडेलाशी, म्हणजे बोट चालवणाऱ्याशी, बोलायचंय. फोनवर बुकिंग घेणारा आणि सुकाणू धरणारा बहुतेक वेळा वेगळे असतात आणि पाण्याचं ज्ञान सुकाणूवाल्याकडे असतं.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्या काकांनी देवबागचा एक तांडेल गाठून दिला. पहाटे साडेपाचला निघालो, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथल्या खाडीच्या तोंडाशी. तासभर काहीच नाही. तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तुमी शनिवार बगून इलात, पाणी बगून नाय." त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे भांग. भांगाला भरती-ओहोटीतला फरक कमी, खाडीत पाणी जवळजवळ थांबल्यासारखं, मग मोठा मासा शिकारीला कशाला फिरेल. उलट अमावस्या-पौर्णिमेच्या ऐन उधाणाला पाणी इतकं खेचतं की गढूळ होतं आणि दोराला वजन म्हणून लावलेलं शिसं तळाला टिकत नाही. त्याच्या मते खाडीसाठी मधले दिवस बरे, चतुर्थी-पंचमी किंवा द्वादशीच्या आसपासचे, आणि भरती चढायला लागते ते दोन तास. आपण कॅलेंडरात लाल रंग बघतो, हे लोक तिथी बघतात :)

शेवटी भरती सुरू झाल्यावर दोर खेचला गेला. मला वाटलं तांबोशी (लालसर, खायला चांगला मासा), निघाला शिंगाळा (मिशावाला मासा). मी कौतुकाने हात पुढे केला तर तांडेल ओरडलाच, "हात लावू नकात!" शिंगाळ्याच्या पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या परांना विषारी काटे असतात, ठणका तासन्‌तास जात नाही. तांडेलाने पकडीने गळ काढला आणि मासा परत पाण्यात सोडला. त्यानंतर अर्ध्या तासात दोन तांबोश्या लागल्या, एक जेमतेम किलोची. आणि हो, मासा कोणाचा हेही आधी विचारा, काही जण पकडून सोडायच्याच ट्रिपा करतात, तुम्ही मात्र कालवणाचं स्वप्न बघत बसाल.

बाकी, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, त्यात कोणी ट्रिप देत असेल तर फोन ठेवा. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यातल्या कोअर भागात मासेमारी चालत नाही, तेव्हा नेमकं कुठे नेणार हे विचारून घ्या. बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला की बोट निघत नाही, निघूही नये, पण अशा वेळी अॅडव्हान्स परत मिळणार की तारीख बदलून, हे आधी मेसेजवर लिहून घ्या, तोंडी नको. लाइफ जॅकेट दाखवा म्हणायला लाजू नका, आम्हाला पहिल्या बोटीत पाच माणसांमागे तीन मिळाली होती.

बोट लागते अशांनी उलटीची गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधीच घ्यायची (आधी डॉक्टरांना विचारून), बोट हलायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. माझा मित्र "मला काही होत नाही" म्हणत कांदेपोहे दाबून बसला होता, पुढचं सांगत नाही. फुल बाह्यांचा शर्ट आणि पाणी चमकून डोळ्यांत जाऊ नये म्हणून पोलराइज्ड गॉगल घ्या, टोपीला दोरी असू द्या, माझी कर्लीला अर्पण झाली.

परवा त्याच तांडेलाला फोन केला, पुढच्या ट्रिपची तारीख त्यानेच काढून दिली. मंगळवार येतोय. रजेचा अर्ज टाकलाय.