कुंबळंगी: पडद्यावरचं आणि पाण्यावरचं

तोप्पुंपडी सोडून बस पेरुंपडप्पूचा पूल ओलांडते आणि कोची मागे पडतं. दोन्ही अंगांना खारं पाणी, बांध, माड आणि काठावर उभी मासेमारीची चिनी जाळी. ‘कुंबळंगी नाइट्स’ (२०१९) हा मल्याळम सिनेमा पाहिल्यापासून कुंबळंगी हे गाव बघायचंच होतं.

बांधावरून चालताना पोक्काळीची, म्हणजे खाऱ्या जमिनीत येणाऱ्या भाताची, शेतं लागली. पावसाळ्यात पाण्याचा खारेपणा उतरला की इथे भात होतो. कापणीला फक्त लोंब्या खुडतात, ताटं पाण्यात तशीच कुजू देतात. पुढे त्याच शेतात भरतीचं पाणी घेऊन कोळंबी वाढवतात आणि ती कुजलेली ताटं तिच्या पोषणाला लागतात. गोव्याची खाजनं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे फार ओळखीचं वाटेल.

मला या सिनेमाचं मोठेपण इथे जास्त जाणवलं. आदर्श पर्यटन गाव म्हणून कुंबळंगीचं नाव आहे, पण कथेतले भाऊ राहतात ते गावाच्या कडेला, जिथे लोक नकोशी कुत्री-मांजरं आणून सोडतात. घराला धड गिलावाही नाही. लेखक श्याम पुष्करन जवळच्याच तुरवूरचा. म्हणूनच बहुधा त्याला या पाण्याच्या देखणेपणाइतकीच काठावरच्या माणसांची ओढाताण दिसते. जाळं फेकणारे हात, घरातली भांडणं, शेजाऱ्यांची नजर, सगळं त्याच चिखलातून आलेलं आहे.

केरळच्या किनाऱ्यावर एक जुनी समजूत होती: दर्यावर गेलेल्या पुरुषाचा जीव घरच्या बाईच्या पातिव्रत्यावर तरतो. १९६५च्या ‘चेम्मीन’ या मल्याळम सिनेमाची सगळी शोकांतिका तिच्यावर उभी आहे. अर्ध्या शतकानंतर, त्याच राज्याच्या दुसऱ्या पाण्याकाठी, ‘कुंबळंगी नाइट्स’ म्हणतो की बदलायचं आहे ते पुरुषांनी. घराचा धनी म्हणून मिरवणारा, नीटनेटका शम्मी त्यात सगळ्यांत भयंकर ठरतो. माझ्या मते मल्याळम सिनेमाची खरी ताकद हीच: तो आपल्या मातीवर जीव लावतो आणि तिलाच जाबही विचारतो.

सिनेमातला ‘कवरु’, म्हणजे ढवळल्यावर निळं चमकणारं पाणी, बघायचं असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाशी, खारेपणा वाढल्यावर, अंधाऱ्या रात्री जा. पण दिवसाउजेडी बांधावरून पायी फिरायला विसरू नका. सिनेमा तिथेच जास्त कळतो.