फ्रँकची पेटी आणि बाबांची व्हीआरएस

आमच्याकडे रात्री नऊला करोडपती लागलं की बाबा खुर्ची टीव्हीजवळ ओढून बसतात आणि समोरचा माणूस साडेबारा लाखांवर पोचला रे पोचला की त्यांचं सुरू होतं, "ऊठ आता. घे आणि घरी जा." दर वेळी. हिंदीतलं असो नाहीतर सोनी मराठीवरचं सचिन खेडेकरांचं, खेळणारा डॉक्टर असो की शेतात राबणारा, बाबांचं वाक्य तेच. आणि तो माणूस उठला नाही, खेळला आणि चुकला, की बाबा काहीच बोलत नाहीत, उठून गॅलरीत जातात आणि जाहिराती संपेपर्यंत येत नाहीत.

मला कित्येक वर्षं वाटायचं की बाबांना रिस्क म्हटलं की धडकीच भरते. मी त्यांच्याशी भांडायचे पण, कारण मला आकडे आवडतात, ऑफिसमध्ये दिवसभर तेच करते, आणि आकडे काही वेगळंच सांगत होते. मधल्या बऱ्याच सीझनला हिंदी करोडपतीची जी शिडी होती ती घ्या. दहाव्या प्रश्नाला ३ लाख २० हजारांचा पडाव, तिथपर्यंत पोचलं की तेवढे पक्के. अकरावा प्रश्न ६ लाख ४० हजारांचा, तो चुकला तरी ३ लाख २० हजार कुठं जात नाहीत, म्हणजे त्या प्रश्नाला क्विट करण्यात काही अर्थच नाही, येवो न येवो खेळायचं. खरा पेच पुढं. समजा १२ लाख ५० हजार हातात आहेत आणि २५ लाखांचा प्रश्न समोर आहे, चुकलात तर थेट ३ लाख २० हजारांवर. दोन ऑप्शन उडालेत, उरलेल्या दोनांत अर्धा-अर्धा चान्स आहे असं धरलं तर सरासरी पडते १४ लाख १० हजार, म्हणजे हातातल्यापेक्षा जास्तच. गणित मांडलं तर त्रेचाळीस टक्के खात्री असली तरी खेळणं परवडतं. मी हे बाबांना कागदावर लिहून दाखवलं होतं एकदा. त्यांनी चष्मा वर करून नीट वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पण तो बसलाय ना तिथं, त्याला विचार."

तेव्हा मला ते उत्तरच वाटलं नव्हतं.

२०१९ ला अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या तेव्हा आमच्या घरी सगळे अक्षरशः रडलो. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवायच्या, पगार महिना १५०० रुपये. वर्षाचे १८ हजार. एक कोटी व्हायला साडेपाचशे वर्षं लागली असती. सात कोटींचा प्रश्न आला आणि त्यांनी खेळ सोडला. आता कोरडं गणित केलं तर तिथं चारपैकी कुठलाही एक ऑप्शन डोळे मिटून ठोकला तरी सरासरी पावणेदोन कोटींच्या वर जाते. पण सरासरी कुणाची, जो हजार वेळा तिथं जाऊन बसेल त्याची. त्या एकदाच बसल्या होत्या, आणि चारांतली तीन उत्तरं त्यांना सव्वातीन लाखांवर आणून ठेवणारी होती. त्या दिवशी मला बाबांचं "त्याला विचार" जरा जरा कळायला लागलं. (आणि हो, बक्षिसावर ३० टक्के टॅक्स सरळ लागतो, पगाराला असते तशी खालच्या रकमेची सूटबिट काही नाही, हे घरी बसून "खेळायला पाहिजे होतं" म्हणणाऱ्यांच्या लक्षातच नसतं.)

पण आज मला लिहायचंय ते फ्रँकबद्दल, कारण गेले दोन आठवडे तो डोक्यातून जात नाहीये.

डील ऑर नो डील आठवत असेल, आपल्याकडे २००५ ला सोनीवर डील या नो डील म्हणून आलं होतं, माधवन होता आधी. प्रश्नबिश्न काही नाहीत. बंद पेट्या, प्रत्येकीत वेगळी रक्कम, एक तुमची, बाकीच्या एकेक करून उघडायच्या, आणि मधेमधे बँकरचा फोन येतो की एवढे घे आणि थांब. मूळचा हा खेळ नेदरलँड्सचा आहे, तिथं २६ पेट्या आणि सगळ्यात मोठी रक्कम ५० लाख युरो. तीन डच संशोधक आणि रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, यांनी नेदरलँड्स, जर्मनी आणि अमेरिकेतल्या १५१ खेळाडूंचे सगळे निर्णय तपासले आणि २००८ ला अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये छापले. त्यात हा फ्रँक आहे.

फ्रँकसमोर सहाव्या राउंडला पाच रकमा उरल्या होत्या. अर्धा युरो, १०, २०, १० हजार आणि ५ लाख. सरासरी १ लाख २ हजार. बँकरनं ७५ हजार देऊ केले. फ्रँक म्हणाला नो डील. पुढची पेटी उघडली आणि तीच नेमकी ५ लाखांची निघाली. एका झटक्यात सरासरी आली अडीच हजारांवर. इथपर्यंत मी म्हणेन की नशीब वाईट, निर्णय धाडसी होता पण वेडा नव्हता. गोष्ट पुढं आहे. बँकर म्हणाला २४०० घे, जवळजवळ सरासरीइतकेच. नको. अर्ध्या युरोची पेटी गेली, उरले १०, २० आणि १० हजार, सरासरी ३३४३, बँकर म्हणाला ३५०० घे, म्हणजे सरासरीच्याही वर. नको. मग २० गेले. उरल्या दोन पेट्या, एकीत १० युरो, एकीत १० हजार. बँकरनं ६ हजार देऊ केले. हा आकडा परत वाचा, अर्ध्या चान्सची किंमत पाच हजार पाच आणि हातात रोख ६ हजार देतायत. फ्रँक म्हणाला नो डील, आणि पेटीत निघाले १० युरो.

हे मी ऑफिसच्या एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं. हॉलमध्ये सगळे हसले. मला हसू आलं नाही, मला घसा दाटून आला आणि मी पाणी प्यायला बाहेर गेले, कारण मला फ्रँकच्या जागी बाबा दिसत होते, धनकवडीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, कॉटवर बसलेले, हातात खाकी लिफाफा.

बाबा भोसरीच्या एका कंपनीत टूल रूमला फिटर होते, १९८२ पासून. २००२ ला गेटवरच्या बोर्डावर व्हीआरएसची, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन आपणहून नोकरी सोडायची, नोटीस लागली. मी तेव्हा दहावीत. बाबांच्या वाट्याला येत होते ४ लाख ६२ हजार. त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर हिशोब मांडला होता तो मी बघितलाय, बारीक अक्षर, खाली दोन रेघा. पगार नऊ हजार. चार बासष्ट एफडीला टाकले तर व्याज महिन्याला तीन हजारांच्या आसपास. आम्ही दोघं भावंडं शाळेत, वय चव्वेचाळीस, आणि त्या वयाच्या फिटरला नवीन ठिकाणी पर्मनंट कोण घेणार. गेट मीटिंगला युनियनवाले सांगत होते की नवीन ऑर्डर येतीये, सह्या करू नका. बाबांनी सही केली नाही. मी आज तो कागद डोळ्यांपुढं आणते आणि मला अजूनही वाटतं की ते बरोबर होते. त्या दिवशी त्यांना जे माहीत होतं त्यावर बरोबर होते.

ऑर्डर आली नाही. २००३ ला दुसरी नोटीस, ३ लाख १० हजार. बाबा म्हणाले बघू. २००४ ला तिसरी, १ लाख ९० हजार. तोपर्यंत तीन महिन्यांचे पगार थकले होते, सेकंड शिफ्ट बंद, कंपनीची बस बंद, बाबा स्वारगेटहून पीएमटीनं जायचे आणि दिवसभर नुसते मशीनपाशी बसून परत यायचे. त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच जणांनी तिसऱ्याला सह्या केल्या. आईनं खूप समजावलं, रात्री आम्ही झोपलो असं समजून दोघं हळू आवाजात बोलायचे आणि मला बाबांचं एक वाक्य शब्द न् शब्द आठवतं. "चार बासष्ट घेतले नाहीत आणि आता एक नव्वद घेऊ?"

२००५ ला टाळं लागलं.

फ्रँकचं सहा हजार नको म्हणणं आणि हे वाक्य, मला त्यात काहीच फरक दिसत नाही. सहा हजार रस्त्यात कुणी दिले असते तर फ्रँक नाचला असता. पण तो त्या वेळी शून्यापासून मोजतच नव्हता, तो पंच्याहत्तर हजारांपासून खाली मोजत होता, आणि तिथून सहा हजार म्हणजे काहीच नाही, अपमानच. मग वाटतं की दहा हजारांनी निदान थोडं तरी भरून येईल. थेलर आणि त्या मंडळींना हेच सापडलं, की ज्यांचं खेळात मोठं नुकसान झालं ते पुढं जास्त धोका घ्यायला लागतात, आणि गंमत म्हणजे ज्यांचं अचानक खूप भलं झालं ते पण. जर्मनीच्या सुझानसमोर शेवटी एक लाख आणि दीड लाख अशा दोन पेट्या होत्या, बँकरनं सव्वा लाख दिले, तिनंही नको म्हटलं, तिला दीड लाख मिळाले. तिला कुणी मूर्ख म्हटलं नसणार. फ्रँकला सगळा हॉल हसला.

एक फरक मात्र आहे आणि तो मला सलतो. खेळातला बँकर हरणाऱ्याला शेवटी शेवटी चांगली ऑफर देतो, सरासरीच्या वर देतो. बाबांना दर वर्षी कमी देत गेले, आणि आतली परिस्थिती काय आहे, ऑर्डर खरंच येतीये का, हे फक्त देणाऱ्यांना माहीत होतं. फ्रँकला निदान उरलेल्या रकमा समोर बोर्डावर दिसत होत्या. बाबांसमोर बोर्ड नव्हताच.

आमचे काका अजूनही कुठल्या लग्नात भेटले की म्हणतात, "दादाला लोभ नडला." आणि बाबा ऐकून घेतात. मला हा शब्द कधीच पटला नाही आणि आता तर मी तिथल्या तिथं बोलते. लोभ असता तर पहिल्याच लिफाफ्याला चार बासष्ट घेऊन मोकळे झाले असते. माणूस बावीस वर्षं ज्या गेटातून आत गेला ते गेट बंद होईल हे त्याला मान्य करता येत नव्हतं, आणि आपण एकदा चुकलो हे त्या एक नव्वदच्या सहीनं कायमचं लिहून दिल्यासारखं झालं असतं. टाळं लागल्यावर त्यांनी सात वर्षं सिंहगड रोडला एका वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर काम केलं, तेव्हा कुणी काही बोलायला आलं नाही.

कालचीच गोष्ट सांगते. जेवणं व्हायची होती, युट्यूबवर जुना एपिसोड लावला होता, आणि मी बाबांना फ्रँकची सगळी गोष्ट सांगितली, एकेक आकडा. ते टीव्हीकडेच बघत होते. ७५ हजारांवर त्यांनी मान हलवली. ६ हजारांवर आले तर म्हणाले, "नाही घेणार तो." मी अजून सांगितलंही नव्हतं.

मग मी विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं. "बाबा, पहिली ऑफर नक्की किती होती हो?"

"चार लाख बासष्ट हजार सातशे चाळीस." लगेच. तेवीस वर्षं झाली.

"आणि शेवटी कोर्टाचं होऊन हातात किती आले?"

"ते आईला विचार तुझ्या."

आई आत भाकरी थापत होती, तिनं ऐकलं होतं सगळं. "एक लाख अठरा हजार," ती आतूनच म्हणाली, "२०११ च्या दिवाळीच्या आधी. माझ्या पाटल्या सोडवल्या ना त्यातून सराफाकडच्या." आणि पीठ लागलेला हात तसाच घेऊन बाहेर आली, मनगट माझ्यापुढं धरलं. पाटल्यांच्या नक्षीत पीठ बसलं होतं. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि तिच्या हाताकडे बघत राहिले, आणि मागं कुणीतरी पंचवीस लाखांच्या प्रश्नावर विचार करत बसलं होतं, बाबा त्याला ऊठ म्हणाले नाहीत.