नऊ खोके

२ फेब्रुवारी २०२१, मंगळवार. शटर अर्धं वर गेलं नाही तोच बाहेर पोरं हजर. मास्क हनुवटीवर, हातात बुकिंगचा मेसेज. पुण्यातल्या आमच्या दुकानात त्या दिवशी पीएस-५, म्हणजे सोनीचा नवा गेम कन्सोल, मिळणार होता. अमेरिका-जपानात तो १२ नोव्हेंबरलाच विकायला आलेला. भारतातलं बुकिंग १२ जानेवारीला दुपारी १२ वाजता उघडलं आणि काही मिनिटांत आटोपलंसुद्धा.

आमच्याकडे आले नऊ. सगळे डिस्कवाले, म्हणजे गेमची डिस्क घालता येणारे, ४९,९९० चे. ३९,९९० चा डिजिटल, म्हणजे बिनडिस्कचा, एकही नाही, आणि दिवसभर फोन मात्र त्याच्याचसाठी.

एका पोराने जुना पीएस-४ आम्हालाच विकून पैसे जमवले होते. खोका काउंटरवर ठेवल्यावर त्याने आधी चारही बाजूंच्या पट्ट्या अंगठ्याने चाचपल्या, मग बिलावरचा सिरियल नंबर बोट ठेवून खोक्याशी ताडला. फोटोबिटो काढून बाहेर गेला. दहा मिनिटांत परत आला तो रिकाम्या हाताने. बाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्याला जागेवर पासष्ट हजार मोजले होते.

"दादा, पुढच्या लॉटसाठी माझं नाव लिहा ना."

लिहिलं. एकतीसावा नंबर. म्हणजे खोका विकला एकच, गिऱ्हाईक मात्र होतं तेवढंच राहिलं!

दुसऱ्याच दिवशी सोनीचे तिमाहीचे आकडे आले: डिसेंबरअखेर जगभरात ४५ लाख पीएस-५. मालकांनी मोबाइलवर वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "आणि आपण नऊ!"

तो आठवडा संपला तसा सेल रिपोर्ट पाठवला: नऊ. पुढच्या आठवड्यात: शून्य. माल पुरवणाऱ्यांच्या ऑफिसातून लगेच एका मॅडमचा फोन.

"सर, सेल एकदम झीरो? डिमांड उतरली का?"

माझ्यासमोर दोनशे पानी वही उघडी होती. तोवर २१४ नावं झालेली. ती सगळी खरी धरावीत असंही नाही. हीच पोरं आणखी तीन दुकानांत नावं लिहून आलेली असणार, आणि पासष्ट हजारांवर डोळा ठेवून लिहिलेलीही बरीच. पण त्यातली निम्मी खोटी धरली तरी शंभराच्या वर उरतात. चिपची टंचाई जगभर होती, त्यामुळे पुढचा लॉट कधी येईल हे त्या मॅडमनाही सांगता येईना.

"मॅडम, आलेच नऊ, तर दहावा कुठून विकू? माझ्याकडे वेटिंगची यादी आहे, पाठवू?"

"शीटमध्ये त्याचा कॉलम नाहीये सर. मी बोलते वर."

बोलल्या असाव्यात. पुढच्या आठवड्याच्या शीटमध्ये खरंच एक नवा रकाना आला होता: 'सेल कमी असण्याचं कारण'. मी लिहिलं, माल नाही.