बायोडेटात न लिहिलेले काम

दरवर्षी दिवाळीत मी पुण्याहून दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी येते, तेव्हा वावरात कापसाची वेचणी सुरू असते आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर गावातील व आसपासच्या दोन-चार गावांतील मुले-मुली आपापले रेझ्युमे घेऊन येतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात मला सोळा वर्षे झाली. नव्या उमेदवारांचे अर्ज वाचणे आणि त्यांच्या मुलाखती घेणे हा माझ्या कामाचाच भाग असल्यामुळे ही मुले विश्वासाने कागद पुढे करतात. या वर्षी आलेले अकरा रेझ्युमे मी एका रात्री शेजारी शेजारी मांडून वाचले आणि मला वाईट वाटले. अकराही जणांचे ध्येय एकाच वाक्यात लिहिलेले होते, अकराही जण कष्टाळू, प्रामाणिक आणि लवकर शिकणारे होते, आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ असे प्रतिज्ञापन, त्याखाली स्थळ, दिनांक व सही होती. बसस्थानकासमोरच्या झेरॉक्स सेंटरमध्ये एकाच नमुन्यात नावे बदलून ते तयार झाले होते.

हा नमुना कुठून आला हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे नोकरीचा अर्ज म्हणजे सरकारी भरतीचा अर्ज, आणि त्यात वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, कायमचा पत्ता हे सारे भरावेच लागते. तीच सवय खासगी कंपनीच्या कागदावर उतरते. सॉफ्टवेअर कंपनीत तुमचा अर्ज पहिल्यांदा वाचणाऱ्या माणसाला यातील एकाही गोष्टीची गरज नसते. त्याला एवढेच पाहायचे असते की समोरच्या जागेसाठी लागणारे काम या व्यक्तीने पूर्वी कुठल्या ना कुठल्या रूपात केले आहे का. दोघांच्या रेझ्युमेत तर आधार क्रमांकही छापलेला होता. तो मी त्याच क्षणी काढायला लावला, कारण हा कागद अनेक अनोळखी हातांतून जातो. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय आणि सही काढली की वरचा आणि खालचा मिळून पाव पान मोकळे होते. नवख्या उमेदवाराचा रेझ्युमे एका पानाचाच असावा, त्यामुळे या मोकळ्या जागेचे मोल मोठे आहे.

२००९ साली माझा स्वतःचा पहिला रेझ्युमेही असाच होता. अमरावतीच्या एका टायपिंग सेंटरमध्ये तो टाइप करून घेतला, आणि तिथल्या ऑपरेटरने सुचवल्याप्रमाणे सी, सी++, जावा, डॉटनेट, ओरॅकल, लिनक्स अशी भाषांची व साधनांची एक मोठी ओळ त्यात घातली. पुण्यातील एका कंपनीत मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या ओळीतल्या लिनक्सवर, म्हणजे विंडोजसारख्याच एका संगणक कार्यप्रणालीवर, बोट ठेवले आणि एखाद्या फोल्डरमधील सर्वांत मोठी फाइल कशी शोधशील, असे विचारले. मी लिनक्स कधी उघडूनही पाहिले नव्हते. त्यानंतर मला खरोखर येत असलेल्या गोष्टींवरची माझी उत्तरेसुद्धा त्यांनी शंकेनेच ऐकली, आणि त्यांचे बरोबर होते. आज त्यांच्या जागी बसताना मीही तसेच करते. एक खोटा शब्द सापडला की बाकीच्या खऱ्या शब्दांवरचा विश्वास कमी होतो. म्हणून कौशल्यांच्या यादीत ज्यावर पाच मिनिटे बोलता येईल तेवढेच लिहावे. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषा १९९५ साली जगासमोर आल्या आणि नावात सारख्या दिसतात, पण त्या पूर्णपणे वेगळ्या आहेत. या अकरांपैकी तिघांनी त्या एकच समजून लिहिल्या होत्या. पायथन या भाषेतील स्वतःच्या कौशल्याला पाचपैकी चार तारे देणे हाही असाच निरर्थक प्रकार आहे, कारण ते तारे कोणत्या मापाने दिले हे कोणालाच सांगता येत नाही.

मला अधिक सविस्तर लिहायचे आहे ते एका मुलीबद्दल. तालुक्याच्या कॉलेजातून बीसीए झालेल्या या मुलीने ‘अनुभव’ या शीर्षकाखाली ‘नाही’ असा एकच शब्द लिहिला होता. पदवीनंतरच्या दोन वर्षांत काय केले, असे मी विचारले. गावातील ‘आपले सरकार’ सेवा केंद्रावर बसत होते, असे ती सहज म्हणाली. मग ते लिहिले का नाही? “ते तं गावातलं काम आहे ना ताई, त्याले कोण नोकरी म्हणते?” असे तिचे उत्तर होते.

मी तिला त्या कामाची बारीकसारीक हकीकत विचारत गेले. खरीप हंगामात पीक विम्याचे अर्ज भरायला केंद्रावर रांग लागते. अर्जासोबत आधार, सातबारा, बँकेचे पासबुक आणि पीक पेऱ्याचे स्वयंघोषणापत्र जोडावे लागते. या कागदांवरची नावे अनेकदा जुळत नाहीत. सातबाऱ्यावर नाव मराठीत असते, पासबुकावर इंग्रजीत असते, आधारवर दोन्ही लिप्यांत असते. कुठे आडनाव आधी येते, कुठे वडिलांचे नाव गळते, कुठे एखादे अक्षर वेगळे पडते. पहिल्या हंगामात अशा कारणांनी बरेच अर्ज परत आले आणि शेतकऱ्यांना वावरातले काम टाकून दोन-दोनदा यावे लागले. दुसऱ्या हंगामाआधी या मुलीने एक्सेलमध्ये एक तक्ता तयार केला. सातबाऱ्यावरचे मराठी नाव आधारवरच्या मराठी नावाशी आणि पासबुकावरचे इंग्रजी नाव आधारवरच्या इंग्रजी नावाशी तो ताडून पाहत असे, शब्दांमधील जास्तीच्या जागा काढून टाकत असे आणि फरक दिसला की ती ओळ लाल करत असे. फरक किरकोळ असेल तर पुढे जायचे आणि मोठा असेल तर अर्ज भरण्यापूर्वीच शेतकऱ्याला कागद दुरुस्त करून आणायला सांगायचे, हा नियमही तिचाच. आधारचे सगळे आकडे साठवणे योग्य नाही हे तिला कोणी शिकवले नव्हते, तरी तिने शेवटचे चारच आकडे ठेवले होते.

माझ्या क्षेत्रात या कामाला डेटा व्हॅलिडेशन म्हणतात, आणि त्यासाठी कंपन्या माणसे शोधत असतात. बँका, विमा कंपन्या, रुग्णालये यांच्या प्रत्येक मोठ्या प्रणालीत एकाच माणसाची दोन ठिकाणी वेगळी लिहिलेली नावे जुळवणे ही डोकेदुखी असते. या मुलीने ती अडचण स्वतः ओळखली, तिचे कारण शोधले आणि हाताशी असलेल्या साधनाने ती सोडवली. तरीही तिच्या कागदावर ‘अनुभव : नाही’ असे छापलेले होते.

मी तिला आधी सगळे मराठीत लिहायला सांगितले. रेझ्युमे इंग्रजीतच द्यावा लागतो, पण पहिला खर्डा इंग्रजीत करायला बसले की मुले नमुन्यातली तयार वाक्ये उचलतात, कारण स्वतःची वाक्ये सुचत नाहीत. आईला सांगतो त्या भाषेत ‘मी काय केले, कोणासाठी केले, त्याने काय बदलले’ एवढे लिहून काढले की इंग्रजी वाक्य छोटे आणि खरे येते. तिने पहिल्यांदा लिहिले, ‘केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरण्याचे व इतर संगणकाचे काम केले.’ दुसऱ्या दिवशी ती केंद्रावर गेली, दोन्ही हंगामांच्या वह्या उघडून परत आलेले अर्ज मोजले आणि ते वाक्य असे झाले : ‘पीक विम्याच्या अर्जांतील नावांची तफावत आधीच शोधणारा एक्सेल तक्ता तयार केला, त्यामुळे परत येणारे अर्ज एका हंगामात ६४ वरून ११ वर आले.’ आकडा वहीतून मोजलेला होता, म्हणून मी तो लिहू दिला. अंदाजाने चाळीस टक्के, पन्नास टक्के असे आकडे घालण्याची जी पद्धत पडली आहे ती घातक आहे, कारण ‘हे कसे मोजले?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.

दुसऱ्या एका मुलाची गोष्ट प्रकल्पांसंबंधी आहे. त्याने शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून चेहरा ओळखून हजेरी घेणारी प्रणाली लिहिली होती. तो प्रकल्प त्याने पैसे देऊन तयार घेतला होता, हे त्याने दुसऱ्याच प्रश्नाला कबूल केले. असे प्रकल्प विकण्याचा धंदा शहरोशहरी चालतो आणि मुलाखत घेणाऱ्यांना ते पाठ झालेले असतात. याच मुलाने काकाच्या ट्रॅक्टरच्या तासांचा हिशेब ठेवणारे छोटे ॲप मोबाइलसाठी स्वतः बनवले होते. वावरात रेंज नसते म्हणून नोंदी आधी फोनमध्येच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि गावात नेटवर्क मिळाले की वर पाठवायच्या, अशी रचना त्याने केली होती. एकच नोंद दोनदा गेली तर काय, याचाही विचार केला होता. शहरात शिकलेल्या अनेक उमेदवारांना ही अडचण आयुष्यात कधी आलेलीच नसते. मी त्याला विकत घेतलेला प्रकल्प पूर्ण काढायला लावला आणि ट्रॅक्टरचे ॲप सर्वांत वर आणले.

हे काम दाखवायचे कसे, हा पुढचा प्रश्न. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी गिट हे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन तयार केले आणि २००८ साली असा कोड इंटरनेटवर ठेवण्याचे गिटहब हे संकेतस्थळ सुरू झाले. आज नवख्या उमेदवारासाठी गिटहबवरचे खाते म्हणजे केलेल्या कामाची उघडी वही आहे. ते उघडणारा माणूस बदलांचा इतिहास पाहतो. पूर्ण प्रकल्प एकाच दिवशी एकाच नोंदीत चढवलेला दिसला तर शंका येते. महिनाभर थोडे थोडे केलेले, चुकलेले आणि सुधारलेले काम दिसले तर विश्वास बसतो. सोबतच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये हे काय आहे, कोणासाठी आहे आणि कसे चालवायचे, हे दहा ओळींत लिहावे. केंद्रावरच्या त्या मुलीला मी एक गोष्ट बजावून सांगितली : तक्ता वर ठेवण्याआधी खऱ्या शेतकऱ्यांची सगळी नावे व आकडे काढून बनावट नावे घालायची. लोकांनी विश्वासाने हाती दिलेले कागद असे उघड्यावर मांडता येत नाहीत.

कागदाच्या रूपाबद्दल थोडे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी एका संगणकप्रणालीत जातो, ती त्यातील मजकूर उचलून घेते आणि मग भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. दोन रकान्यांचे रंगीत नमुने, तक्ते, चिन्हे, मजकुराच्या चौकटी यांत या प्रणालीचा गोंधळ होऊ शकतो. आपल्याकडे त्याहून वेगळी एक अडचण दिसते. छापलेल्या कागदाचा मोबाइलने फोटो काढून मुले त्याचीच पीडीएफ करतात, आणि त्या पीडीएफमध्ये अक्षरे नसतात, केवळ चित्र असते. तपासणी सोपी आहे : पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा, जे तिथे दिसेल, साधारण तेच त्या प्रणालीला दिसते. आमच्या अकरांपैकी चार जणांच्या नोटपॅडमध्ये काहीच उमटले नाही.

संपर्काचा भाग लहान असतो, पण त्यावर नोकरी जाऊ शकते. एका मुलाचा ईमेल पत्ता सेंटरवाल्याने काढून दिलेला होता, पासवर्ड त्याच्याकडे नव्हता, आणि मुलाखतीचे बोलावणे आलेले त्याला महिनाभराने कळले. स्वतःच्या नावाचा पत्ता स्वतः काढावा, फोन क्रमांक स्वतःचाच द्यावा. नावाचेही तसेच. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते आणि पॅन किंवा आधारवर क्रम वेगळा असू शकतो. निवड झाल्यावर कंपनी कागदपत्रे पडताळते तेव्हा याच तफावतीमुळे रुजू होणे लांबू शकते. रेझ्युमेवर एकच रूप ठरवून सगळीकडे तेच वापरावे आणि कागदांतील चूक आधीच दुरुस्त करून घ्यावी.

शिक्षणात वर्षाचा खंड पडला असेल तर तो लपवू नये. एका मुलाचे वडील आजारी असताना त्याने वर्षभर घरची सहा एकर शेती पाहिली होती आणि त्या वर्षाबद्दल त्याने काही लिहिलेच नव्हते. ‘२०२२-२३ : घरची शेती सांभाळली’ एवढी ओळ पुरते, मी तरी अशी ओळ वाचून कोणाला बाजूला ठेवलेले नाही. गुणांचे मात्र वेगळे आहे. काही कंपन्या दहावीपासून साठ टक्क्यांची अट ठेवतात आणि तिथे शब्द कामी येत नाहीत. अशा वेळी अट नसलेल्या लहान कंपन्यांकडे अर्ज करावा, त्यांची संख्या कमी नाही.

त्या मुलीचा रेझ्युमे आम्ही भाऊबीजेच्या आदल्या रात्री पूर्ण केला. एक पान, एक रकाना, वर नाव आणि त्याखाली पहिलीच नोंद सेवा केंद्राची. त्यानंतर तिने नागपूर आणि पुण्यातील जागांसाठी अर्ज केले. मागच्या आठवड्यात एका कंपनीची पहिली फेरी फोनवर झाली. मुलाखतीचा जवळजवळ सगळा वेळ त्या तक्त्यावरच गेला, असे तिने मला सांगितले. नाव तेच आहे पण शब्दांचा क्रम वेगळा आहे, तर तुझा तक्ता काय करतो, असे त्यांनी विचारले. पहिल्या हंगामात याच कारणाने परत आलेले अर्ज तिला आठवत होते, आणि मग शब्द वेगळे काढून, क्रमाने लावून ते कसे ताडायचे, हे तिने कागद न पाहता समजावून सांगितले. दुसरी फेरी सोमवारी आहे.