निंगव्वाची शेवटची संध्याकाळ : सातव्या प्रकरणाची प्रगती

माझ्या चित्रकथेच्या सातव्या प्रकरणातल्या मधल्या सहा पानांची शाई झाली. निंगव्वा मरणार हे वाचकांना चौथ्या प्रकरणापासून ठाऊक आहे. किल्ल्याचा तट धरून ठेवणारं वस्त्र पुरं व्हायचं, तर विणणारीच त्यात विणली जाते. पहाटे ती मागावर बसणार. ही पानं आदल्या संध्याकाळची. तिला सगळं माहीत आहे, तिच्यासोबत राहणाऱ्या बसूला काहीच नाही.

अशा प्रसंगात पात्राला निरोप घेऊ देऊ नये, हाताला काम द्यावं, असं माझं ठाम मत झालंय. संहितेत निंगव्वा बसूला जवळ घेऊन बरंच काही बोलायची. ते सगळं काढलं आणि तिला चुलीपुढे बसवलं. ती कडक भाकरी करते. सोलापूरकरांना सांगायला नको, पातळ थापून, भाजून वाळवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते. दोन माणसांच्या घरात रात्रीला लागतात किती? ती मात्र थापतच राहते. पहिल्या चौकटीत चवड बोटभर आहे, शेवटच्या पानावर मांडी घालून बसलेल्या बसूच्या कोपराला लागते. बोलणं एवढंच ठेवलंय :

"अव्वा, एवढ्या कशाला गं?"

"असू देत. चटणी वरच्या फळीवर आहे. बरणीत ओला हात घालू नकोस."

'असू देत'च्या चौकटीत तिचा चेहरा नाही, पिठानं माखलेले हात आहेत. चेहरा दिसला की वाचक डोळ्यांत पाणी शोधू लागतो आणि चवडीकडे त्याचं लक्षच जात नाही. भाकरीची कड बारीक निबनं तुटक ओढली, करपलेले ठिपके कोरड्या ब्रशनं उठवले. हे ठिपके मला फार आवडलेत. रेघ बारीक असल्यानं स्कॅन ६०० डीपीआयला केलं, तेव्हा ती टिकली.

आता आवाजाचं. पहिल्या प्रकरणापासून चौकटींच्या वरच्या कडेनं मागाची 'खटक-खट' अक्षरं धावतात. सोलापुरात यंत्रमागांच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे लगेच कळेल : सवयीनं दिवसभर यंत्रमाग ऐकू येत नाहीत, वीज गेली की एकदम कान टवकारतात. या सहा पानांवर ती अक्षरं नाहीत. निंगव्वानं माग थांबवलाय, हे कुणी सांगत नाही. नुसती बिनआवाजी चौकट काढून शांतता येत नाही. वाचकाला आधी आवाजाची सवय लागलेली हवी. म्हणून कुणाच्या कथेत असं मरण यायचं असेल, तर त्याची तयारी पहिल्या प्रकरणापासूनच करा.

मांडणी साधी. प्रत्येक पानावर सहा सारख्या चौकटी, बघण्याची जागा एकच, चुलीसमोरची. पाऊस, वीज, पूर्ण पानाचं भव्य चित्र, यातलं काही नाही. भव्यता तटासाठी राखून ठेवलीय. त्याची रेखाटनं सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून भुईकोट किल्ला बघत केली होती. फक्त शेवटच्या चौकटीची रेघ काढून टाकली, चित्र कागदाच्या कडेपर्यंत नेलं. बसू झोपलाय, ती मागासाठी सुताच्या कांड्या भरतेय. चौकट नसली की ती वेळ कधी संपली हे कळत नाही. हे पान मुद्दाम उजव्या हाताला आणलं, म्हणजे पहाट पान उलटल्यावरच येते आणि ती वाचकाला स्वतःच्या हातानं आणावी लागते.

मोबाईलवर खाली सरकवत वाचायच्या आवृत्तीत हे साधत नाही. तिथे वेळ अंतरानं तयार होतो, म्हणून झोपलेला बसू आणि पहाट यांच्यामध्ये कोरी जागा सोडतोय. थोडी सोडली तर पहाट अंगावर येते, फार सोडली तर पुढचं चित्र उघडलंच नाही असं वाटतं. कोऱ्या जागेचे दोन-तीन नमुने या आठवड्यात टाकतो. फोनवर सरकवून बघा आणि कुठे बोट थांबलं ते कळवा. छापील अंक जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी हातात यावा, असा प्रयत्न आहे.